पाच ग्रॅमचा कागद

१४ जानेवारी, मंगळवार

ताई,

कशी आहेस ते विचारत नाही. सहा वर्षं विचारलं नाही. आज एकदम विचारलं तर तुलाच शंका येईल.

लिहिण्याचं कारण सांगते. काल बाबांच्या कामाच्या खोलीत बारीक पेचकस शोधत होते. तिसऱ्या खणात, वजनपेटीच्या खाली, एक दोनशे पानी वही होती. आत बाबांचं अक्षर. पहिल्या पानावर एका बाजूला रोमन लिपी आणि समोर देवनागरीत उच्चार: इश् कोमे, दू कोम्स्ट, एअर कोम्ट. मी येतो, तू येतोस, तो येतो. अशी सव्वीस पानं. 'इश् वोने' म्हणजे मी राहतो. 'इश् फारे' म्हणजे मी प्रवासाला जातो. सगळं वर्तमानकाळात. चुकलं तिथे एकच सरळ रेघ, वर दुरुस्ती, बाजूला तारीख. खोडाखोड नाही. तराजूच्या दुरुस्तीच्या नोंदी ठेवतात तशीच.

अडुसष्टाव्या वर्षी, दोन चष्मे बदलत, माणूस जर्मन क्रियापदं कशाला घोकतो? तू राहतेस तिथे ती भाषा बोलतात, याशिवाय दुसरं कारण मला सापडलं नाही.

वहीच्या मागच्या पानावर नोंदी आहेत. '६ डिसेंबर, पाठवली, पाने ३.' '२० डिसेंबर, पाठवली, पाने ३.' '३ जानेवारी, पाठवली, पाने ३.' आणि वहीखाली एक चिकटवलेलं पाकीट, त्यावर तुझा पत्ता. मी ते उघडलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण तुझा विश्वास बसणार नाही.

या घरात तुझं नाव निघत नाही. हा नियम कोणी केला नव्हता. आई गेल्यावर तो आपोआप लागू झाला. निदान मी तसं धरून चालले होते. आता दिसतं की नियम फक्त मीच पाळत होते आणि बाबा खणात वेगळाच कारभार चालवत होते.

मला दोन गोष्टी कळायला हव्यात. तू बाबांना कायमचं तिकडे नेणार आहेस का? आणि आई हॉस्पिटलात असताना तुझा-माझा जो फोन झाला, त्याबद्दल तू त्यांना काय लिहिलं आहेस?

दुसऱ्या प्रश्नावर इथे जास्त लिहीत नाही. त्या फोनवर दोनच माणसं होती.

हे पत्र पाठवीन की नाही, ठरलेलं नाही. तारीख मात्र घातली आहे.

धाकटी


२ फेब्रुवारी, रविवार

ताई,

मी जर्मनच्या वर्गात नाव घातलं. वहीत एक छापील कागद होता, त्यावर वर्गाचा पत्ता होता: शिवणयंत्रांच्या दुकानावरचा दुसरा मजला, लोखंडी जिना. बाबा शनिवारी संध्याकाळी 'पाय मोकळे करून येतो' म्हणून जातात. मी बुधवारचा वर्ग घेतला, म्हणजे समोरासमोर येणं नको. घरी सांगितलं, बुधवारी मैत्रिणीकडे जाते. बाबा म्हणाले, "तुला मैत्रीण आहे?" चेष्टा होती की चौकशी, ठरवता आलं नाही.

शिकवणाऱ्या बाई तिशीतल्या आहेत, सारख्या खडू शोधतात आणि तो बहुतेक वेळा त्यांच्या केसांत खोचलेला असतो. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "घाबरायचं नाही. धड तेच ठेवायचं, शेपूट बदलायचं." मीला 'ए', तूला 'स्ट', त्याला 'ट', आम्हीला 'एन'. हे मला जमलं. तक्ता आहे, नियम आहे, उत्तर तपासता येतं.

एक गोष्ट आवडली. आपल्याकडे 'जाते' म्हटलं की बाई आहे हे लगेच उघडं पडतं. तिथे 'इश् गेए' कोणीही म्हणावं. बोलणाऱ्याला लपायला थोडी जास्त जागा आहे.

मग बाई म्हणाल्या, "काही क्रियापदं मात्र लबाड. 'मी' म्हणताना नीट वागतात, 'तू' म्हटलं की आतून बदलतात." मी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

आता वजनाबद्दल. पाकीट उघडायचं नाही हे माझं ठरलेलं आहे. पण न उघडता त्याबद्दल काहीच कळू शकत नाही, असं नाही. बाबा अंघोळीला गेले की माझ्याकडे बारा मिनिटं असतात. त्यांच्या खोलीतला काचपेटीतला तराजू आजही आमच्या प्रयोगशाळेतल्या निम्म्या यंत्रांपेक्षा खरा आहे. मी पारडी ब्रशने साफ केली, चिमट्याने वजनं ठेवली, पाकीट तोललं, पुन्हा पारडी साफ केली, सगळं जागच्या जागी ठेवलं.

२६.४२ ग्रॅम. तिकीट लावण्याआधी.

बाबांच्या गठ्ठ्यातलं रिकामं पाकीट ६.४१. त्यांच्या रिमातले दहा कागद तोलून सरासरी काढली: ४.९८. तीन कागद, शाई आणि पाकीट मिळून २१.३८ व्हायला हवेत. पाच ग्रॅम चार सेंटिग्रॅम जास्त आहेत.

म्हणजे आत चौथा कागद आहे. वहीत मात्र नोंद तीनचीच आहे.

बाबांनी आयुष्यात चुकीची नोंद केलेली मी पाहिलेली नाही. इथे पाणी मुरतं आहे.

धाकटी


२० फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

आणखी दोन पाकिटं तोलली. दोन्ही वेळा वहीत पाने ३. दोन्ही वेळा एक कागद जास्त आणि तो दर वेळी ५.०४. आपल्या रिमातलं एकही पान पाचच्या वर जात नाही. म्हणजे हा कागद बाहेरचा आहे. तुझ्याकडून येतो, इथून परत जातो, पुन्हा येतो.

मी काढलेला निष्कर्ष असा: तो फॉर्म आहे. तिकडे कायम राहण्याचा अर्ज. तू पाठवतेस, बाबा थोडा भरतात, तू दुरुस्त करतेस. आणि नोंद होत नाही, कारण वही मी कधीतरी बघेन हे त्यांना माहीत आहे.

काल वर्गात बाई सहज म्हणाल्या, "शनिवारी एक आजोबा येतात. अहो, काय जिद्द! मी विचारलं, आजोबा, या वयात कशाला? तर म्हणाले, एका माणसाशी सहा वर्षं बोललो नाही, आता बोलायचं तर त्याच्या भाषेत बोललं पाहिजे."

"कोणाशी?" मी विचारलं.

"ते नाही सांगितलं. तुम्ही ओळखता का त्यांना?"

"नाही," मी म्हणाले. वर्गातली वाहतूक कचेरीतली जाडी मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं असावं. कळू दे.

सहा वर्षं ज्याच्याशी बोलले नाहीत तो माणूस म्हणजे तुझा नवरा. भावजी हा शब्द मी अजून लिहिणार नाही. तुमच्या लग्नानंतर तो फोनवर आला की बाबा फोन माझ्या हातात द्यायचे. आई गेल्यावर तर फोनच बंद झाले.

आज जेवताना मी म्हटलं, "बाबा, आमच्या प्रयोगशाळेतला एक जण परदेशी चाललाय. घरी काही सांगितलंच नाही त्याने. थेट तिकीट."

बाबांनी पाण्याचा पेला उचलला. "सांगायचं असेल त्याला. ऐकणारं माणूस उठून जात असेल."

"विचारून तर बघावं."

"विचारतो कुठे माणूस? आजकाल सगळे अंदाजच बांधतात." आणि पाणी प्यायले.

मी उठून ताटं उचलली. म्हणजे उठून गेलेच.

धाकटी


९ मार्च, रविवार

ताई,

बाईंची अक्कलदाढ काढली, म्हणून बुधवारचा वर्ग या आठवड्यात शनिवारच्या वर्गात घातला. निरोप दुपारी आला. जाऊ नये असं ठरवलं होतं. मग वाटलं, साक्ष प्रत्यक्ष मिळत असेल तर सोडायची कशाला?

बाबा साडेपाचला पाय मोकळे करायला निघाले. मी पावणेसहाला मैत्रिणीकडे निघाले. बाबा वर्गाच्या जिन्यात पहिल्या वळणावर दम घ्यायला थांबले होते. मी खालून वर आले. आमची नजरानजर झाली. त्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली, अनोळखी बाईला देतात तशी. मीही 'आभारी आहे' म्हणाले आणि पुढे गेले.

वर्गात अकरा जण. सुजलेल्या गालावर रुमाल धरून बाईंनी जोड्या लावल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही आजोबांबरोबर बसा. अनोळखी माणसाशी बोलायचं आहे, तेव्हा आदरार्थी 'झी' वापरायचं. प्रश्न विचारा, पूर्ण वाक्यात."

मी बाबांना आदरार्थी विचारलं, तुम्ही कुठे राहता?

त्यांनी आपल्या गल्लीचं नाव सांगितलं. क्रियापद बरोबर होतं.

एकटे राहता का?

"नाइन. इश् वोने मिट माइनर टोख्टर." मुलीबरोबर राहतो.

मुलगी काय करते?

बाबांनी थोडा विचार केला. "झी वीक्ट." ती तोलते.

बाई म्हणाल्या, "वा, आजोबा! हे क्रियापद आपण अजून शिकलोच नाही. कुठून काढलंत?"

"शब्दकोशातून," बाबा म्हणाले. "रोजच्या वापरातलं आहे."

मी विचारलं, "फारेन झी?" तुम्ही प्रवासाला जाता?

"या. इश् फारे." हो, जातो.

"ब्लाइबेन झी डोर्ट?" तिथेच राहता?

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग स्वच्छ उच्चारात म्हणाले, "इश् फेरश्टेए निश्ट." मला समजत नाही.

सगळा वर्ग हसला. जाडी मुलगी सोडून.

येताना ते पुढे आणि मी वीस पावलं मागे. घरी पोहोचल्यावर मी विचारलं, "फिरून आलात?"

"आलो. तुझी मैत्रीण बरी आहे?"

"बरी आहे."

"थकलेली दिसली," बाबा म्हणाले आणि खोलीत गेले.

ताई, ते जाणार आहेत एवढं त्यांनी स्वतः सांगितलं. परत येणार का, याचं उत्तर टाळलं. तू जिंकलीस असं मी अजून म्हणत नाही. पण हे घर तीन खोल्यांचं आहे, आणि तिन्हींत मी एकटी म्हणजे नक्की किती आवाज होईल, हे काल मी मोजत बसले होते.

धाकटी


२३ मार्च, रविवार

ताई,

आज सकाळी मी बाबांच्या खोलीत गेले, तर ते अंघोळीला गेलेच नव्हते. तराजूसमोर बसले होते. काचपेटी उघडी. टेबलावर पाकीट, अजून न चिकटवलेलं. शेजारी वजनपेटी आणि चिमटा, माझ्या बाजूला वळवून ठेवलेला.

"ये, साहेब," ते म्हणाले. "बारा मिनिटांत घाई होते तुझी. आज सावकाश तोल."

मी दारातच उभी राहिले.

"कधीपासून माहीत आहे?"

"जानेवारीपासून. चाळीस वर्षांत माझी पारडी इतकी स्वच्छ कधी नव्हती. मी आठवड्यातून एकदा झाडतो. तू तोलण्याआधी आणि नंतर, दोनदा! चोर घरात शिरला आणि केर काढून गेला, असं झालं."

मी चिमटा उचलला आणि परत ठेवला.

"वाचलं नाहीस, तोललंस," ते म्हणाले. "तुझी आई असती तर किटलीच्या वाफेवर उघडून, वाचून, परत चिकटवून मला चहाही दिला असता. ताकाला जाऊन भांडं काय लपवतेस? विचार."

मी विचारलं, "परत येणार आहात का?"

त्यांनी खणातून तिकिटाची प्रत काढून दिली. जाणं चार मे, येणं दोन जुलै. मी तारखा तीनदा वाचल्या.

"मग वर्गात का नाही सांगितलंत?"

"वर्गात तू मला 'अहो अनोळखी' म्हणत होतीस. अनोळखी माणसाला मी घरचं सांगत नाही."

मग त्यांनी पाकिटातली पानं एकेक करून टेबलावर मांडली. तीन पानं त्यांच्या अभ्यासाची, क्रियापदांचे तक्ते आणि छोटी वाक्यं. सोबत तुझ्या नवऱ्याने दुरुस्त केलेली आधीची पानंही काढून दाखवली. हिरव्या शाईत, बारीक अक्षर, प्रत्येक चुकीवर एकच सरळ रेघ. बाबांची पद्धत त्याने उचलली आहे. एका पानाच्या तळाशी बाबांनी लिहिलं होतं: मी म्हातारा आहे, मी चुका करतो, मी येतो. त्याने त्यात काही दुरुस्त केलं नव्हतं.

"कोणी सुरुवात केली?" मी विचारलं.

"मी. आईच्या वेळी ती आली नाही, ते तिच्यापाशी. पण मी किती वर्षं काटा धरून बसू? हात भरून येतो." त्यांनी आपला उजवा हात चोळला. "माफ करून टाकलं. न विचारताच."

ताई, त्या फोनबद्दल तू नक्की सांगितलं असशील, असं मी अडीच महिने धरून चालले होते. तू एक अक्षरही लिहिलेलं नाहीस. माझ्या वाटची चूक तुझ्या नावावर राहू दिलीस, आणि तिच्याबद्दल मिळालेली माफीसुद्धा मुकाट्याने घेतलीस.

चौथा कागद शेवटी निघाला. कोरा. दोन्ही बाजूंनी कोरा. दोन घड्या, आणि घड्यांवर कागद इतका मऊ झालेला, की तिथे तो कापडासारखा लागतो.

"हा फॉर्म नाही?" मी विचारलं.

"कसला फॉर्म? तिच्या पहिल्याच पाकिटात आला. मी विचारलं, हे काय? तिने चिठ्ठी पाठवली." चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती. तुझं अक्षर बदललेलं नाही. 'तो धाकटीचा कागद. तिला लिहायचं असेल तेव्हा द्या. नसेल तर परत पाठवा.'

"मग द्यायचा ना मला!"

"तुझं नाव आणि तिचं नाव एका वाक्यात घेतलं की तू ताटं उचलतेस. म्हणून परत पाठवत राहिलो. ती पुन्हा पाठवत राहिली."

"वहीत नोंद का नाही केलीत?"

"कोऱ्या कागदाची नोंद कशाला करायची?"

माझी चूक आता कळते. दर वेळी ५.०४. भरत चाललेला फॉर्म शाईने जड व्हायला हवा होता. हा तसूभरही वाढत नव्हता. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मला हवा तो अर्थ मी त्यावर चढवला. प्रयोगशाळेत दुसऱ्या कोणी असं केलं असतं, तर मी त्याच्या अहवालावर सही केली नसती.

कागद माझ्याकडे आहे. अजून कोरा आहे.

धाकटी


६ एप्रिल, रविवार

ताई,

हा तोच कागद. लिहायला घेण्याआधी तोलला, ५.०४. बाबांच्या समोरच.

एकच पान आहे, म्हणून सरळ लिहिते.

त्या दिवशी तू फोनवर विचारलंस, "येऊ का?" मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे. आत्ता यायची गरज नाही." त्याच सकाळी डॉक्टर मला म्हणाले होते, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. आई तिसऱ्या दिवशी गेली. बाबांनी विचारलं, "तिला कळवलं होतंस?" मी म्हणाले, "कळवलं होतं. तिला जमत नाही म्हणाली."

कारण विचारशील. अकरा आठवडे मी तिथे होते. तिचं अंग पुसणं, तिची औषधं, तिच्या रात्री, सगळं माझ्याकडे. ती अर्धवट झोपेत तुझं नाव घ्यायची. मला वाटलं, तू दारात आलीस की ती तुझ्याकडे बघेल, आणि मग मी तिथे होते हे तिच्या लक्षातच राहणार नाही. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. मी शोधलं.

हे सगळं बुधवारी बाबांना सांगितलं. ते एका जुन्या काट्याचा दांडा घासत होते. ऐकून घासणं थांबवलं.

"म्हणजे ती येत होती?"

"हो."

"मी सहा वर्षं..." एवढंच म्हणाले. मग चपला घातल्या आणि खरोखरच फिरायला गेले. दोन तासांनी आले.

तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. आज पाचवा दिवस. चहा मात्र दोन कपच करतात आणि माझा कप झाकून ठेवतात. मी आवाज मोजते आहे. फारसा नाही.

काल त्यांनी तुझ्यासाठी वेगळं पान लिहायला घेतलं. चार ओळी लिहून फाडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फाडलं. शेवटी त्यांना काय लिहायचं आहे ते मे महिन्यात तुझ्यासमोरच बोलतील, असं दिसतं. मी याआधी लिहिलेली पाच पत्रंही त्यांच्याबरोबर हातानेच पाठवीन. पाकीट ते उघडणार नाहीत. तोलतील.

तू मला माफ करावंस असं मी लिहीत नाही. बाबांनी न विचारता एकदा केलं, आणि ते चुकीच्या माणसाला गेलं. तू आधी विचार. जे विचारशील त्याचं उत्तर मी देईन.

भावजींना सांग, त्यांची हिरवी शाई मी पाहिली.

पान संपत आलं. आत्ताच तोललं: ५.०८. बाबांनी अभ्यासाची तीन पानं पाकिटात घातली आहेत आणि माझ्याकडे हात पसरून थांबले आहेत. त्यांनी वही आधीच भरून माझ्यासमोर सरकवली आहे. आजची नोंद अशी: '६ एप्रिल, पाठवली, पाने ४.'

धाकटी